रिकामे पळणारे इंजिन: एका नॅरोगेज मॉडेल रेल्वेच्या आवाजाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका सदनिकेत उभारलेल्या वाफेच्या मॉडेल रेल्वेचे आहे. संबंधितांची नावे दिलेली नाहीत. रेल्वेचे मालक असलेल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा उल्लेख 'यजमान' असा आणि त्यांच्या मामांचा उल्लेख 'मामा' असाच केला आहे. मी या कामात विजेच्या जोडणीपुरता मदतनीस होतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे पहिल्या मोठ्या चुकीचा वाटेकरीही.

यजमानांचे बालपण कुर्डुवाडीत गेले. बार्शी लाइट रेल्वेची २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखली. तेव्हाचे बार्शी रोड, म्हणजेच आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला, आणि पुढे ती एका अंगाने पंढरपूरवरून मिरजेपर्यंत व दुसऱ्या अंगाने लातूरपर्यंत गेली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. मामा त्या लाइनवर फायरमन होते आणि यजमानांच्या शाळकरी सुट्ट्या लोकोशेडच्या आसपासच गेल्या होत्या. निवृत्तीनंतर मॉडेल रेल्वे करायची तर याच लाइनची, आणि ती नुसती दिसायला नको तर ऐकायलाही हवी, असा त्यांचा निश्चय होता. पुण्यातील कर्वे रस्त्याजवळचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय त्यांनी अनेकदा पाहिले होते, त्यामुळे गाडी कशी चालवतात याची कल्पना होती. आवाजाच्या तंत्राची मात्र नव्हती.

प्रमाण निवडताना त्यांनी विचारपूर्वक एचओई घेतले. यात सर्व वस्तू मूळच्या ८७ व्या भागाइतक्या असतात आणि रूळ ९ मिलिमीटरचे असतात. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७६ मिलिमीटर येतात, म्हणजे बार्शी लाइनसाठी हे गणित जवळजवळ तंतोतंत बसते. बार्शीच्या इंजिनांची तयार मॉडेले या प्रमाणात त्यांना मिळाली नाहीत. ऑस्ट्रियातील नॅरोगेज मात्र ७६० मिलिमीटरचे आहे, आणि तिकडच्या इंजिनांची मॉडेले मिळतात. त्यामुळे यजमानांनी ऑस्ट्रियातील यू वर्गाचे, ०-६-२ चाकरचनेचे (म्हणजे पुढे आधाराची चाके नाहीत, मध्ये सहा चालक चाके आणि मागे आधाराची दोन) एक जुने मॉडेल विकत घेतले, त्याच्या धुराड्याचा आणि कॅबचा आकार थोडा बदलला, रंग काळा केला आणि ते आपल्या लाइनीचे मानले. बार्शीची पहिली इंजिने लीड्सच्या किट्सन कारखान्याची ०-८-४ टाकी-इंजिने होती. त्यामुळे जाणकाराला हे इंजिन खटकेलच, पण तो तडजोडीचा भाग होता आणि त्याबद्दल यजमानांनी स्वतःची फसवणूक केली नव्हती.

पाया ८ फूट बाय ४ फूट प्लायवूडचा होता. त्यावर लंबवर्तुळाकार मुख्य लाइन, एक स्टेशन, दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि एका बाजूला दोन मीटरमध्ये ५० मिलिमीटर चढणारा, म्हणजे ४० त १ असा चढ होता. बार्शी सोडून येडशीकडे जाताना गाडी बालाघाटच्या डोंगरात चढायची, त्या चढाची ही आठवण. पुढे सगळे प्रकरण या दोन मीटरांभोवती फिरले.

अडचण

नियंत्रणासाठी डीसीसी पद्धत निवडली होती. साध्या पद्धतीत रुळांतील व्होल्टेज कमीजास्त करून वेग बदलतात. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण वीज असते आणि तिच्यातूनच अंकीय आज्ञा जातात. इंजिनात बसवलेला डीकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखून मोटार, दिवे आणि आवाज चालवतो. आवाजाच्या डीकोडरमध्ये वाफेच्या ठोक्यांचे, शिट्टीचे, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचे आणि कोळसा टाकण्याचे ध्वनिमुद्रण भरलेले असते. परदेशातून मागवलेला डीकोडर आयात शुल्क धरून जवळजवळ इंजिनाच्याच किमतीला पडला होता.

तो पहिल्याच संध्याकाळी जळला. इंजिन जुन्या घडणीचे होते, आणि अशा इंजिनांत मोटारीचा एक ब्रश, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा, थेट धातूच्या चासीला आणि चासीमार्फत एका बाजूच्या चाकांना जोडलेला असतो. साध्या पद्धतीत त्याने काही बिघडत नाही, पण डीसीसीत मोटार रुळांपासून पूर्णपणे वेगळी असावी लागते. आम्ही दोन्ही तारा डाग लावून नीट जोडल्या, पण तो ब्रश चासीपासून वेगळा केला नाही. इंजिन मुख्य लाइनीवर ठेवले, अर्धा सेकंद एक फुसका आवाज आला आणि मग बेकलाइट जळल्याचा वास. मल्टिमीटर माझ्या पिशवीत होता. ब्रश आणि चाक यांच्यामध्ये तो एकदा लावला असता तर 'बीप' वाजून सगळे समजले असते.

दुसरा डीकोडर आला, नीट बसला आणि इंजिन बोलू लागले. यजमानांच्या आनंदाला पारावार नव्हता. पण दोन-तीन आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. सांध्यावरून जाताना आवाज तुटे आणि क्षणभराने इंजिन नव्याने वाफ धरू लागल्यासारखे पुन्हा सुरुवातीपासून वाजे. पावसाळा लागल्यावर हे चढावरही होऊ लागले. वेग वाढवला की ठोके एकमेकांत मिसळून शिवणयंत्रासारखी घरघर होई. त्यात प्लायवूड डग्ग्यासारखा घुमत असल्याने चाकांचाच आवाज इंजिनाच्या आवाजाला झाकून टाकी.

दिवाळीत मामा आले. वय ऐंशीच्या घरात, ऐकू मात्र व्यवस्थित येते. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, डोळे मिटले आणि गाडीच्या तीन फेऱ्या ऐकल्या. यजमानांना वाटले, आता शाबासकी मिळेल. मामा म्हणाले, "अरे, हे इंजिन रिकामं पळतंय. मागं गाडी हाय कुठं?" गाडी मागे होती, चार डबे आणि गार्डचा डबा. पुन्हा फेरी झाल्यावर त्यांनी आणखी एक वाक्य जोडले: "अन् ही शिट्टी आपली न्हाई."

अडचण काय होती हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तोवर आम्ही आवाज तुटतो, घुमतो, किरकिरतो अशा दोषांच्या मागे होतो. मामांनी सांगितलेली गोष्ट वेगळी होती. आवाज अगदी स्वच्छ असता तरी तो खोटाच वाटला असता, कारण त्यात ओझे नव्हते. वाफेचे इंजिन सपाटीवर, चढावर आणि उतारावर एकाच सुरात बोलत नाही. चढाला ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे बॉयलरमधून वाफ सोडणारी झडप, उघडतो, सिलिंडरमध्ये वाफ जास्त वेळ सोडतो आणि धुराड्यातून निघणारा प्रत्येक ठोका जड व सुटा होतो. उतारावर रेग्युलेटर बंद असतो, ठोके जवळजवळ नाहीसे होतात आणि जोडदांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकू येतो. आमचे इंजिन तिन्ही ठिकाणी एकच गाणे म्हणत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न स्पीकर कुठे ठेवायचा हा होता. मूळ जोडणीत स्पीकर बॉयलरमध्ये कसाबसा कोंबलेला होता आणि त्याच्यामागे बंद पेटी नव्हती. स्पीकरच्या पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध असतात. मागची बाजू हवाबंद पेटीने कोंडली नाही तर त्या एकमेकींना मारतात आणि उरतो तो पातळ, पत्र्यासारखा आवाज. तीन पर्याय समोर आले. इंजिनाच्या कॅबमध्ये ११ बाय १५ मिलिमीटरचा, मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा स्पीकर बंद पेटीसह बसवायचा. किंवा मोठा स्पीकर इंजिनामागच्या डब्यात ठेवून दोन तारांनी जोडायचा. किंवा टेबलाखाली खराखुरा मोठा स्पीकर लावायचा. डब्यातला पर्याय आवाजाच्या दृष्टीने चांगला होता, पण मग इंजिन तो डबा सोडून कुठेच जाऊ शकले नसते, आणि स्टेशनवर इंजिन सुटे करून पाणी घ्यायला नेणे हा तर यजमानांचा सर्वात आवडता खेळ.

टेबलाखालच्या स्पीकरचा मोह मला जास्त होता. इवल्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, आणि छोट्या खोलीत खालचे सूर नेमके कुठून येतात हे कानाला ठरवता येत नाही. त्यामुळे ठोक्याचा 'टोक' असलेला भाग इंजिनातून आणि 'पोट' असलेला भाग टेबलाखालून द्यावा, अशी माझी कल्पना होती. त्यासाठी एक जादा आवाज-डीकोडर त्याच क्रमांकावर लावून टेबलाखाली ठेवायचा होता. कागदावर हे फार सुंदर दिसत होते.

दुसरा प्रश्न ठोके चाकाशी जुळवण्याचा होता. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन्ही बाजूंनी काम करतो आणि दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. आमच्या इंजिनाचे चाक मूळात ८०० मिलिमीटर, मॉडेलमध्ये ९.२ मिलिमीटर. त्याचा घेर २९ मिलिमीटरच्या जवळपास येतो, म्हणजे दर ७.२ मिलिमीटरला एक ठोका पडायला हवा. हे साधण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आसावर चुंबक आणि चासीला रीड स्विच (चुंबक जवळ आला की आपोआप जुळणारा) बसवून प्रत्येक ठोक्याची प्रत्यक्ष सूचना देणे. दोन, मोटार फिरताना तिच्यातच उत्पन्न होणारे उलटे व्होल्टेज डीकोडर मोजतो, त्यावरून त्याला वेगाचा अंदाज घेऊ देणे. पहिला मार्ग अचूक, पण एवढ्याशा इंजिनात जागाच नव्हती. गार्डच्या डब्याच्या आसावर चुंबक लावावेत असे सुचले, पण त्या डब्याचे चाक ६ मिलिमीटरचे होते. दोन चुंबक लावले तर ठोका ९.४ मिलिमीटरला पडतो, तीन लावले तर ६.३ ला. दोन्ही चूक. शिवाय इंजिन सुटे झाले की ते मुकेच होणार.

तिसरा पर्याय यजमानांनी स्वतः मांडला, आणि तो मोडीत काढण्यात आम्ही बराच वेळ घालवला. तो असा की अधिक महागाचा, अधिक आवाजांचा डीकोडर घ्यावा. मामांची तक्रार आवाजांच्या संख्येबद्दल नव्हती, हे मान्य व्हायला वेळ लागला. हातातल्या डीकोडरमध्ये ओझ्यानुसार ठोका बदलण्याची सोय होती. पण ती सोय मोटारीवर पडणाऱ्या ताणावर चालते आणि आमच्या हलक्या प्लॅस्टिकच्या डब्यांनी मोटारीला ताणच येत नव्हता.

केलेली कार्यवाही

सर्वात आधी रूळ. हा निर्णय यजमानांना रुचला नाही, कारण रुळांत ऐकायला काही नसते. पण मोटारीला एका क्षणाचा वीजखंड जाणवत नाही, ती आपल्या वेगात पुढे सरकते. आवाज मात्र तेवढ्यात तुटतो. पूर्वी जे दोष डोळ्यांना दिसत नव्हते ते आता कानांना ऐकू येत होते. टेबलाखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरीच्या दोन मुख्य तारा फिरवल्या आणि दर मीटरला, तसेच प्रत्येक सुट्या रूळतुकड्याला, त्यांच्यापासून बारीक तारा वर आणून डाग दिला. सांध्यांच्या मध्यभागी प्लॅस्टिकचे मृत टोक होते, तिथे तीन जोड्या चालक चाकांचे आखूड इंजिन अडखळे. त्या जागी धातूचे टोक असलेले सांधे बसवले आणि सांधा फिरवणाऱ्या स्विचबरोबर त्या टोकाची वीजही पालटेल अशी जोडणी केली.

नंतर नाण्याची परीक्षा. एक रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवायचे. वीज पुरवणाऱ्या यंत्राने तत्क्षणी पुरवठा तोडला पाहिजे. लाइनीवर दर फुटाला ही परीक्षा घेतली आणि चढाच्या वरच्या टोकाला यंत्र गप्प राहिले. नाणे तापू लागले होते. तिथला एक सांधपट्टीचा जोड सैल निघाला, आणि पावसाळ्यात चढावर आवाज का तुटत होता याचेही उत्तर मिळाले. खरखरीत रबराने रूळ घासण्याची यजमानांची सवयही तेव्हाच बंद झाली, कारण त्याने बारीक ओरखडे पडतात आणि त्यांतच काळी घाण धरते. आता फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसले जातात, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा.

प्लायवूडचा घुमटा कमी करायला जास्त कष्ट पडले. रुळांखाली कॉर्क होताच, पण खडी सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने पक्की केलेली होती. तो गोंद वाळून दगडासारखा होतो आणि रुळांचा कंप कॉर्कला वळसा घालून थेट लाकडात उतरवतो. चढाचे दोन मीटर आणि स्टेशनसमोरचा तुकडा उकरून तिथली खडी लवचीक राहणाऱ्या लेटेक्स चिकटद्रव्याने पुन्हा बसवली. बाकीची तशीच ठेवली, कारण यजमानांच्या गुडघ्यांची तक्रार होती आणि माझ्या पाठीची.

टेबलाखालच्या स्पीकरचा प्रयोग केला आणि तो फसला. खालच्या डीकोडरला मोटार नव्हती, त्यामुळे त्याला चाकाचा वेग कळत नव्हता. तो आज्ञेतल्या वेगावरून ठोके टाकी, तर इंजिन आपल्या चाकावरून. सुरुवातीचे तीन-चार ठोके एकत्र पडत आणि मग ते एकमेकांपासून सुटत जात, दोन माणसांनी एकाच उखळात मुसळे घालावीत आणि त्यांचा ताल चुकावा तसे. दोन रविवार घालवल्यावर मी माघार घेतली. तो स्पीकर मग स्टेशनच्या बरोबर खाली बसवून फक्त स्थिर आवाजांना दिला: उभ्या नळातून टाकीत पडणारे पाणी, दूरवर शंटिंग करणाऱ्या इंजिनाची फुसफुस. ठोक्यांची जबाबदारी पूर्णपणे इंजिनावर सोपवली.

इंजिनातला स्पीकर कॅबमध्ये आला. पेटीचे सांधे गोंदाने बंद केले. पहिल्यांदा एका कोपऱ्यात टाचणीएवढे छिद्र राहिले होते, तेवढ्यानेही आवाज पातळ येत होता. बोटाने कोपरा दाबला की तो भरीव होई, बोट काढले की पुन्हा पातळ. छिद्र सापडले ते असे. पेटीने कॅब पूर्ण व्यापली, म्हणून ड्रायव्हरची मूर्ती काढावी लागली. मामांनी ते लगेच हेरले. शेवटी मूर्ती कमरेत कापून वरचा अर्धा भाग पेटीच्या कडेला चिकटवला, आणि खिडकीतून डोके बाहेर काढलेला ड्रायव्हर परत आला.

ठोके जुळवण्यासाठी उलट्या व्होल्टेजचाच मार्ग ठेवला. एका चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, इंजिन सर्वात कमी वेगात चालवले आणि मोबाइलवर संथगतीचे चित्रण करून एका फेऱ्याचे ठोके मोजले. पहिल्या मोजणीत पाच आले. डीकोडरच्या सेटिंगमध्ये थोडे थोडे बदल करत चार गाठायला एक संध्याकाळ लागली. मधल्या वेगाला ते आपोआप जुळले. अतिवेगात जुळतात की नाही हे कोणालाच ऐकू येत नाही, आणि तो वेग आम्ही ठेवलाही नाही.

कारण वेगाचे मोजमाप केल्यावर आम्ही चाट पडलो. यजमान गाडी दोन मीटर अंतर सहा सेकंदांत नेत होते. त्याला ८७ ने गुणले तर ताशी १०४ किलोमीटर होतात, एका नॅरोगेज गाडीसाठी! या वेगाला ८०० मिलिमीटर चाकाचे सेकंदाला ४६ ठोके पडतात, मग शिवणयंत्र नाही तर काय ऐकू येणार? लहान प्रमाणात वेगही ८७ पटीने कमी होतो आणि चाकाचा घेरही, त्यामुळे सेकंदाला पडणारे ठोके खऱ्या गाडीइतकेच राहतात, पण वेग खरा असेल तरच. ताशी २५ किलोमीटरला सेकंदाला ११ ठोके येतात. त्या वेगाने दोन मीटरला २५ सेकंद लागायला हवेत. डीकोडरच्या सेटिंगना क्रमांक असतात; त्यांतल्या कमाल वेग ठरवणाऱ्या पाचव्या सेटिंगने वरची मर्यादा बांधली. गाडी एवढी संथ झाल्यावर पहिले दोन दिवस यजमान अस्वस्थ होते.

आता ओझ्याचा मुद्दा. डब्यांच्या तळाशी शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन वाढवले, इतके की चढावर मोटारीला खरोखर जोर लावावा लागे आणि डीकोडरला तो ताण कळे. पण खरा बदल झाला तो वेगवाढीच्या सेटिंगने. डीसीसीच्या मानकानुसार तिसऱ्या सेटिंगच्या आकड्याला ०.८९६ ने गुणले की थांबलेल्या इंजिनाला पूर्ण वेग घ्यायला लागणारे सेकंद मिळतात. आमच्याकडे तो आकडा ५ होता, म्हणजे साडेचार सेकंद. एवढ्यात कोणती मालगाडी वेग घेते? आकडा ४० केला, म्हणजे जवळजवळ ३६ सेकंद. वेग कमी होण्यासाठीचा चौथा आकडाही तितकाच वाढवला आणि थांबण्यासाठी वेगळे ब्रेकचे बटन ठेवले. आता हँडल पुढे केले की इंजिनाचा वेग लगेच वाढत नाही, पण आवाज लगेच जड होतो, आणि वेग गाठेपर्यंत जडच राहतो. हँडल मागे घेतले की ठोके विरतात आणि गाडी आपल्या ओघाने पुढे जात राहते. म्हणजे हँडल हे वेगाचे न राहता रेग्युलेटर झाले.

शिट्टीसाठी डीकोडरच्या कंपनीच्या संग्रहातून ब्रिटिश बनावटीच्या नॅरोगेज इंजिनाची शिट्टी उतरवून घेतली, कारण बार्शीच्या पहिल्या इंजिनांची घडण इंग्लंडची होती. डीकोडरमधली शिट्टी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन तुकड्यांत असते. बटन दाबून धरले तोवर मधला तुकडा फिरत राहतो, सोडले की शेवटचा वाजतो. मामांची मागणी होती की साखळी ओढताना शिट्टी आधी कुजबुजते आणि मग चढते, तशी ती यावी. ती पूर्ण करता आली नाही.

शेवटी आवाजाची पातळी. ८७ व्या प्रमाणात एक मीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी ८७ मीटरवरून पाहणे, आणि मोकळ्यावर तेवढ्या अंतराने आवाज एक मीटरच्या मानाने सुमारे ३९ डेसिबलने उतरतो. आम्ही डीकोडरचा एकूण आवाज निम्म्याखाली आणला. शेजारच्या सदनिकेतील बाईंनी त्याच आठवड्यात, रेल्वे बंद केली का, अशी चौकशी केली.

परिणाम

पुढच्या उन्हाळ्यात मामा पुन्हा आले. यावेळी यजमानांनी त्यांच्या हातात कंट्रोलरच दिला. मामांना बटनांशी जुळवून घ्यायला वेळ लागला, पण चढाच्या पायथ्याशी त्यांनी कोणी न सांगता हँडल पुढे सारले, ठोके जड होईपर्यंत थांबले, आणि माथ्यावर पोचायच्या थोडे आधीच ते मागे घेतले. गाडी स्वतःच्या जोरावर माथा ओलांडून गेली. यजमान आजवर माथा ओलांडल्यानंतर हँडल मागे घेत होते. तेव्हापासून तेही मामांसारखेच चालवतात.

आवाज तुटण्याचे प्रकार जवळजवळ थांबले आहेत. पावसाळ्यात दमट हवेचे चार-पाच दिवस लागून आले तर स्टेशनच्या सांध्यावर अजूनही एखादा खंड पडतो. वीज क्षणभर साठवून ठेवणारा कपॅसिटर इंजिनात मावत नाही. घुमटा कमी झाला, पण लेटेक्स न वापरलेल्या वळणांवर तो स्पष्ट ऐकू येतो, आणि चढावरून वळणावर गाडी गेली की पुलावरून गेल्याचा भास होतो. यजमानांनी आता त्या वळणाखाली कागदी लगद्याचा पूलच उभा केला आहे.

आज करायचे झाल्यास

क्रम उलटा लावला असता. आम्ही आधी आवाज घेतला आणि मग रूळ सुधारले. खरे तर नाण्याची परीक्षा आणि तारांची जोडणी आवाजाचा डीकोडर विकत घेण्यापूर्वी, साध्या डीकोडरवरच उरकायला हवी होती. डीकोडर बसवल्यावर पहिली चाचणीही मुख्य लाइनीवर न करता प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डीकोडरची सेटिंग भरण्याच्या, वेगळ्या रूळतुकड्यावर करायला हवी होती, कारण तिथे प्रवाह मर्यादित असतो आणि जोडणीतली चूक बहुतेकदा डीकोडर न जळता उघडकीस येते. तसा तुकडा टेबलाच्या कोपऱ्यात होता. घाई आमचीच होती.

टेबलाखालच्या दोन डीकोडरांचा प्रयोग मी आज करणार नाही, पण त्याचा मला फारसा पश्चात्तापही नाही. ठोक्याला चाक माहीत असले पाहिजे, हे त्या दोन चुकलेल्या मुसळांनी जितके पटवले तितके वाचून पटले नसते. चुंबक आणि रीड स्विचचा मार्ग मात्र मोठ्या प्रमाणाच्या इंजिनात पुन्हा विचारात घ्यावा असा आहे.

मामांना दिवाळीपर्यंत बोलावले नाही, ही सर्वात महागडी चूक होती. ज्याने खऱ्या इंजिनावर काम केले आहे असा माणूस घरातच होता, आणि आम्ही त्याला दाखवण्यासाठी वस्तू पूर्ण होण्याची वाट पाहत होतो. टेबलावर नुसते रूळ असताना त्यांना बसवून चढाच्या आधी काय करायचे, माथ्यावर काय, स्टेशनात शिरताना काय, हे विचारले असते तर वेग आणि ओझे हे दोन मुद्दे पहिल्या महिन्यातच समोर आले असते.

यजमानांनी दरम्यान दुसरे इंजिन घेतले आहे, त्याच जुन्या घडणीचे. त्याच्यासाठी डीकोडर अजून मागवलेला नाही. मोटारीचा ब्रश चासीपासून वेगळा करून झाला आहे, आणि मल्टिमीटर आता त्यांच्याच कपाटात असतो.